कुत्र्याच्या कानामागे रोज हात फिरवा

तुमच्या दारात कुत्रा असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही शेतावर वस्तीला राहत असाल, मेंढरांमागे वाडा हलवत असाल, किंवा सुट्टीत मुलांना घेऊन डोंगरात तंबू टाकत असाल, तरी हे तुमच्यासाठीच आहे.

विषय गोचिडाचा आहे. आपण सगळे त्याला लहानपणापासून बघत आलो आहोत. म्हणूनच आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करतो.

आमच्या शेतावर राजा नावाचा कारवान कुत्रा होता. ही लातूर-नांदेडकडची जात. लांब पाय, बारीक कंबर, पळायला लागला की नजर ठरत नाही. पूर्वी या कुत्र्यांना सशाच्या शिकारीला नेत. आता शिकार कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. आता ही कुत्री शेत राखतात, रात्री बांधावरून फिरतात, गवतात शिरतात.

एका वर्षी पावसाळा सरता सरता राजाने भाकरी सोडली. आम्हाला वाटले, पोट बिघडले असेल. दुसऱ्या दिवशी तो उठून पाण्यापाशीही गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्याच्या फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. त्याच्या नाकातून पडत होते.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरडी दाखवली. गुलाबी असायला हवी, ती खडूसारखी पांढरी पडली होती.

“अंगावर गोचीड होते का?” त्यांनी विचारले.

“होते. पण महिन्यापूर्वीच औषधाने धुतला त्याला.”

“त्याला धुतलात. तो झोपतो ती जागा?”

घरी येऊन मी त्याचे गोणपाट उचलले. खालच्या घडीत एक सुकलेली मादी पडली होती. तिच्याशेजारी तपकिरी खसखशीची चिमूट ठेवावी तसा ढीग होता. ती अंडी होती. भिंतीच्या फटीत बॅटरीचा उजेड टाकला, तर आत बारीक ठिपके हलत होते.

राजा वाचला. चार आठवडे गोळ्या चालल्या. पण त्या दिवशी जे कळले, ते मला तुम्हाला सांगायचे आहे. गोचीड कुत्र्याच्या अंगावर दिसतो, पण त्याचे घर जमिनीवर असते. नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. कुत्रा आणि जागा, दोन्ही सांभाळावे लागतात. आणि एकदा करून चालत नाही, पुन्हा पुन्हा करावे लागते.

आधी त्याला ओळखा

गोचीड हा कोळ्याच्या जातीचा जीव आहे. मोठा झाल्यावर त्याला आठ पाय असतात. तो उडत नाही. उडीही मारत नाही. झाडावरून टपकतो असे लोक म्हणतात, तेही खरे नाही.

रानातला गोचीड गवताच्या टोकावर चढून बसतो. पुढचे पाय पसरतो आणि वाट बघतो. आपल्या श्वासाचा आणि अंगाच्या उबेचा त्याला सुगावा लागतो. गवताला पाय घासला, की तो पायाला धरतो. मग वर चढत चढत मऊ जागा शोधतो. डोक्यात सापडला म्हणजे वरून पडला असे नव्हे. तो बहुतेक वेळा पायावरून चढून आलेला असतो.

त्याची मापे लक्षात ठेवा. अंड्यातून नुकता निघालेला खसखशीएवढा असतो. त्याच्यापुढचा तिळाएवढा. मोठा झालेला, पण उपाशी असलेला मसुराएवढा. रक्त पिऊन टम्म झालेली मादी एरंडीच्या बीसारखी दिसते. आपल्याला ही एरंडी दिसते. तीळ आणि खसखस दिसत नाही. धोका मात्र तिळाचाही असतो.

कुत्र्यावर नेहमी सापडतो तो तपकिरी गोचीड घरातच संसार थाटतो. रक्त पितो, खाली पडतो, फटीत शिरतो, कात टाकतो, पुन्हा कुत्रा शोधतो. मोठा होईपर्यंत असे दोन वेळा करतो, मोठा झाल्यावर तिसऱ्यांदा रक्त पितो. शेवटी मादी भिंतीच्या फटीत किंवा गोणपाटाच्या घडीत हजारो अंडी घालते आणि मरते. मोठा गोचीड रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतो. घर बंद ठेवून तो मरेल, या भरवशावर राहू नका.

रोज संध्याकाळी पाच मिनिटे

हे काम दिवेलागणीला करा. कुत्रा फिरून आलेला असतो आणि तुम्हीही घरी असता.

एका झाकणात साबणाचे दाट पाणी घ्या. शेजारी चिमटा ठेवा. कुत्र्याला खाली बसवा. घाई करू नका.

डोळ्यांनी शोधू नका, बोटांनी शोधा. बोटांची टोके केसांत उलट्या दिशेने फिरवा. वाटाण्यासारखे किंवा मुगासारखे काही लागले, की थांबा आणि केस बाजूला करून बघा.

या जागा चुकवू नका. कानाच्या आत आणि मागे. पापण्या आणि ओठांच्या कडा. पट्ट्याखालची मान. पुढच्या पायांच्या काखा. जांघा. शेपटीचे मूळ. आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या. बेचकीत लपलेला गोचीड पुष्कळांकडून राहून जातो. कुत्रा पाय चाटत बसला असेल तर आधी तिथे बघा.

पट्टा रोज काढून बघा. पट्ट्याच्या आतल्या शिवणीतही ते बसतात.

हे रोज का करायचे? गोचिडाकडून होणारे काही रोग तो चिकटल्यावर थोड्या तासांतच अंगात जातात. आठवड्यातून एकदा, रविवारी बघू, असे म्हटले तर उशीर होतो.

घरातल्या एका माणसाने हे काम आपले म्हणून घ्यावे. सगळ्यांचे काम म्हटले की ते कोणाचेच राहत नाही.

काढायचा कसा

बारीक टोकाचा चिमटा घ्या. गोचिडाला पोटाशी धरू नका. कातडीला अगदी लागून, त्याच्या तोंडापाशी धरा. मग सावकाश, एकसारखा जोर लावून सरळ वर ओढा. पिळू नका. हिसका देऊ नका.

चिमटा नसेल तर बोटांना प्लॅस्टिकची पिशवी किंवा फडके गुंडाळा आणि तसेच ओढा. उघड्या बोटांनी नको.

तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर घाबरू नका. तो खोदून काढत बसू नका. कातडी हळूहळू त्याला बाहेर टाकते. जागा साबणाने धुवा, जंतुनाशक लावा. नंतर हात धुवा.

काढलेला गोचीड झाकणातल्या साबणाच्या पाण्यात बुडवा. नखावर नख ठेवून चिरडू नका. जमिनीवर दगडाने ठेचूही नका. त्याच्या रक्तात रोगाचे जंतू असू शकतात आणि ते तुमच्या नखाजवळच्या चिरेतून आत जाऊ शकतात. क्रायमियन काँगो नावाचा रक्तस्रावी ताप असाच पसरू शकतो. भारतात तो २०११ साली गुजरातेत पहिल्यांदा सापडला. गोचीड नखाने चिरडायची सवय आपल्या पुष्कळ घरांत आहे. ती आजपासून सोडा.

आणखी काही जुने उपाय सोडून द्या. चिकटलेल्या गोचिडावर रॉकेल ओतू नका. उदबत्तीचा किंवा काडीचा चटका देऊ नका. चुना, तंबाखू लावू नका. त्याने तो लगेच सुटत नाही. उलट डिवचला गेला तर पोटातले जंतू जखमेत ओकण्याची भीती असते. कुत्र्याची कातडी भाजते ती वेगळीच.

औषध विचारून घ्या

कुत्र्यासाठी आज चांगली औषधे मिळतात. मानेवर दोन खांद्यांच्या मध्ये टाकायचे थेंब असतात. गळ्यातला औषधी पट्टा असतो. पोटात द्यायच्या गोळ्या असतात. काही गोळ्या महिनाभर चालतात, काही तीन महिने.

यातले कोणते घ्यायचे, ते पशुवैद्यकांना विचारा. विचारताना कुत्र्याचे वजन आणि वय सांगा. पिल्लू असेल, कुत्री गाभण असेल किंवा दूध पाजत असेल, कुत्र्याला कधी फिट आली असेल, तर ते आवर्जून सांगा. सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

मानेवरचे थेंब टाकायचे असतील तर आदल्या दोन दिवसांत आणि नंतर दोन दिवस अंघोळ घालू नका. औषध कातडीच्या तेलात मिसळून पसरते. अंघोळीने ते वाहून जाते.

गोळी दिल्यावरही एखादा गोचीड अंगावर दिसेल. औषध लागू पडले नाही असे समजू नका. गोळीच्या औषधाने गोचीड चावल्यानंतर मरतो. म्हणून गोळी चालू असली तरी संध्याकाळचा हात फिरवणे चालूच ठेवा.

आता चार गोष्टी कळकळीने सांगतो.

पिकावर फवारायचे औषध कुत्र्यावर कधीही टाकू नका. ‘थोडेसेच टाकले’ म्हणून कुत्री तडफडून मेलेली आहेत.

जनावरांना धुवायचे औषध कुत्र्याला लावायचे असेल तर त्याचे प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते अंदाजाने बादलीत ओतू नका. अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नका. जखमांवर लावू नका.

घरात मांजर असेल तर सावध राहा. कुत्र्याच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते. ते कुत्र्याला चालते, मांजराला विष ठरते. कुत्र्याचे औषध मांजराला लावू नका. औषध लावलेल्या कुत्र्याला चिकटून मांजर झोपत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

माणसाने अंगाला लावायचे मलम कुत्र्याला लावू नका. तो ते चाटतो.

कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल लावले तर थोडा वेळ गोचीड दूर राहतात. लावायचे तर लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. ज्या भागात गोचीडताप, म्हणजे गोचिडामुळे कुत्र्याला होणारा आजार, आहे, तिथे एवढ्याने भागणार नाही.

आता जागा साफ करू

कुत्रा कुठे झोपतो ते नीट बघा. ओट्याचा कोपरा, जिन्याखाली, ट्रॅक्टरच्या सावलीत, पाण्याच्या टाकीमागे. त्याच्या प्रत्येक जागेची यादी करा. तेच गोचिडांचे पत्ते आहेत.

एक. गोणपाट, चादर, जुनी गोधडी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात भिजवून धुवा. भर उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. कोरडे ऊन गोचिडाला सोसत नाही. अंडी दिसलेले गोणपाट धूत बसू नका, जाळून टाका.

दोन. भिंतीच्या आणि फरशीच्या फटी सिमेंटने बुजवा. पैसा खर्च करायचाच असेल तर आधी इथे करा. फट गेली की अंडी घालायला जागा गेली.

तीन. गोठ्याला आणि ओट्याच्या भिंतीला चुना द्या. चुना देताना कोपरे आणि छताची कड सोडू नका. तपकिरी गोचीड भिंतीवर वर चढतो.

चार. फवारणी करायची असेल तर घरात-गोठ्यात चालणारेच औषध आणा. पुड्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घाला. तोंडाला फडके, हातात मोजे हवेत. मुले, कुत्रा, कोंबड्या, पाण्याची भांडी आधी बाजूला काढा. विहीर, ओढा आणि मधमाश्यांच्या पेट्यांजवळ फवारू नका. ही औषधे माशांना आणि मधमाश्यांना मारक असतात.

पाच. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत. पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून पिल्ले निघतात, ती दुसऱ्या वेळी सापडतात. पुष्कळ घरे इथेच चुकतात. एकदा फवारतात, आठ दिवस बरे वाटते, महिन्याने पुन्हा तेच.

सहा. गोठ्यातल्या दगडी भिंतीवर काही जण फ्लेम गन फिरवतात. उपाय चांगला आहे. पण गवताचे छप्पर, कडबा किंवा गंजी जवळ असेल तर ते धाडस करू नका.

सात. घराभोवतीचे गवत कापा. पालापाचोळ्याचा ढीग भिंतीला लागून ठेवू नका.

गाई-म्हशींवरचे गोचीड वेगळ्या जातीचे असतात, पण त्यांनाही याच वेळी औषध करा. शेजाऱ्यांनाही सांगा. तुमचा कुत्रा स्वच्छ आणि शेजारच्या गोठ्यात वारूळ, असे चालत नाही. आळीने मिळून एका दिवशी काम केले तर औषधही कमी लागते.

वाडा किंवा तंबू टाकताना

सातारा-सांगलीकडचे मेंढपाळ पावसाळा संपला की कोकणाकडे उतरतात. शेतात मेंढरे बसवतात. दर मुक्कामाला जागा नवी असते. पुण्या-मुंबईची मंडळी पवनेला, भंडारदऱ्याला, राजमाचीला तंबू टाकतात. दोघांनाही हे उपयोगी पडेल.

जागा निवडताना आधी सावली बघू नका. ऊन बघा. दिवसभर ऊन खाल्लेली, आखूड गवताची, कोरडी जागा चांगली. गुरे दुपारी जिथे बसतात ती झाडाखालची जागा टाळा. शेण आणि खुरांचे ठसे दिसले की समजून घ्या. जुना वाडा जिथे बसला होता, तिथे पुन्हा वाडा टाकू नका. गडावरच्या गुहेत आणि पडक्या देवळात गुरे व कुत्री आसरा घेतात. तिथे पथारी टाकण्याआधी कोपरे झाडून बघा.

एक सोपी परीक्षा सांगतो. पांढरे पंच्यासारखे फडके घ्या. त्याचे एक टोक धरून गवतावरून पंधरा-वीस पावले हळू ओढत न्या. मग उलटे करून बघा. तिळासारखे ठिपके चालताना दिसले तर तिथे मुक्काम नको. दुसरी जागा बघा.

तंबूभोवती दोन-तीन हात जागा झाडून काढा. पालापाचोळा दूर सारा, पण पेटवू नका. वणवा एका ठिणगीने लागतो. उघड्या रानात कीटकनाशक फवारू नका.

तंबूची चेन कायम बंद ठेवा. कपडे गवतावर किंवा झुडपावर वाळत घालू नका, दोरी बांधा. बूट आत घेण्याआधी झटका. सतरंजी थेट गवतावर टाकू नका, खाली ताडपत्री घ्या.

अंगात पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे घाला. फिकट कपड्यावर गोचीड लगेच दिसतो. पँट मोज्यांत खोवा. दिसायला कसे दिसते याचा विचार करू नका. उघड्या अंगाला कीटक पळवणारे मलम लावा. मुलांना किती लावायचे ते डब्यावर वाचा.

आता गडावरच्या कुत्र्यांविषयी. पायथ्याच्या गावातले एखादे कुत्रे वर जाणाऱ्यांबरोबर निघते. वाट दाखवते, रात्री तंबूपाशी राखण करते. मुले त्याला कवटाळतात. त्याला खायला घाला, पाणी द्या, माया करा. पण तंबूत झोपायला घेऊ नका. मुलांनी त्याला कुरवाळले असेल तर झोपण्याआधी मुलांचे अंग तपासा.

तुमचा स्वतःचा कुत्रा बरोबर असेल तर औषध निघायच्या दोन-तीन दिवस आधी द्या. निघायच्या सकाळी नको. त्याला रानात मोकाट सोडू नका, दोरी लावा. तो झुडपात शिरला नाही तर गोचीड कमी येतात. ससे, मोर, भेकरांचाही जीव वाचतो.

परत आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करा. सगळे कपडे लगेच गरम पाण्यात टाका. ते पलंगावर किंवा खुर्चीवर नकोत. आरशासमोर उभे राहून गुडघ्यांच्या मागे, कंबरेला, बेंबीत, काखेत, जांघेत, कानांमागे आणि केसांत बघा. मुलांचे मोठ्यांनी बघावे. नवरा-बायकोने एकमेकांची पाठ बघावी.

सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या मंडळींना

तुम्हाला माकडतापाविषयी वेगळे सांगायला हवे.

हा रोग १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ साली तो गोव्यात सत्तरीत दिसला. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात बरीच माणसे आजारी पडली. काजूच्या बागेत काम करणारे आणि जंगलात लाकूडफाटा गोळा करणारे यांत होते.

हा ताप रानातल्या गोचिडाचे बारीक पिल्लू चावल्याने येतो. ते तिळाएवढे असते, दिसत नाही. नोव्हेंबरपासून मेपर्यंत ते जास्त असते. नेमका तोच काजूचा आणि सरपणाचा हंगाम.

जंगलात माकड मेलेले दिसले तर जवळ जाऊ नका. हात लावू नका. कुत्र्यालाही जाऊ देऊ नका. मेलेल्या माकडावरचे गोचीड खाली उतरतात आणि दुसरे अंग शोधतात. वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा. तुमच्या एका फोनने गाव सावध होते.

बागेत जाताना अंगाला लावायचे तेल आरोग्य केंद्रात मिळते का, ते विचारा आणि रोज लावा. पाचोळ्यावर थेट बसू नका. घरी आल्यावर आधी अंघोळ करा, मग जेवा.

अचानक जोराचा ताप आला, डोके फुटेल असे दुखू लागले, अंग मोडून आले, उलट्या झाल्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर घरी काढा घेत बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. आजारी माणसाला दूर लोटू नका.

आजार लवकर ओळखा

कुत्र्यात ही लक्षणे दिसली तर दुसरा दिवस उजाडू देऊ नका. जेवण सोडणे. अंग तापणे. एका जागी पडून राहणे. हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडणे. नाकातून रक्त येणे. कातडीखाली लाल-निळे डाग दिसणे. लघवी कॉफीसारखी काळपट होणे.

हा बहुधा गोचीडताप असतो. रक्त तपासून तो कळतो. वेळेत औषध मिळाले तर कुत्रा उभा राहतो. राजा तिसऱ्याच दिवशी शेपूट हलवू लागला. आम्हाला वाटले, झाले बरे. गोळ्या बंद करणार होतो. डॉक्टरांनी दटावले. जंतू अंगात दडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. सांगितलेले सगळे दिवस गोळ्या द्या, एकही दिवस चुकवू नका.

माणसाचेही तसेच. गोचीड चावल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंगावर पुरळ उठले, विशेषतः तळहात आणि तळपायावर उठले, तर डॉक्टरांकडे जा. जाऊन पहिले वाक्य हे म्हणा, “मला गोचीड चावला होता.” किंवा “मी रानात मुक्काम केला होता.”

हे वाक्य फार कामाचे आहे. पावसाळ्यानंतर दवाखान्यात डेंग्यू आणि मलेरियाची रांग असते. तुम्ही सांगितले नाही तर गोचिडाकडे कोणाचे लक्ष जाईलच असे नाही. काखेत किंवा कंबरेला विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर तीही दाखवा. ती गवतातल्या दुसऱ्या एका बारीक किड्याने होणाऱ्या स्क्रब टायफसची खूण असू शकते. २०१८ साली नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. लवकर ओळखला तर त्यालाही साध्या गोळ्या पुरतात.

चावल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. भिंतीवर दुधाचा हिशोब लिहितो, त्याच्याच शेजारी.

एवढे नक्की करा

सगळे एकदम जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. शेतीची कामे असतात, नोकरी असते, हातात पैसा कमी-जास्त असतो. म्हणून क्रम सांगतो.

आज संध्याकाळी कुत्र्याच्या कानांत आणि बेचक्यांत हात फिरवा. याला पैसा लागत नाही.

उद्या सकाळी त्याचे गोणपाट उचलून उन्हात टाका आणि खालची फट बघा. यालाही पैसा लागत नाही.

या आठवड्यात पशुवैद्यकांना विचारून औषध आणा आणि दिनदर्शिकेवर पुढची तारीख लिहा.

या महिन्यात फटी बुजवा.

आणि पुढच्या वेळी रानात निघाल तेव्हा पिशवीत एक पांढरे फडके, एक चिमटा आणि झाकणाची छोटी बाटली टाका. तिन्हींचे वजन मिळून एका भाकरीएवढेही होत नाही.

राजा त्यानंतर पुष्कळ वर्षे जगला. आता त्याच्या जागी त्याची नात आहे. तिचे गोणपाट वेगळे आहे आणि ओट्याची ती फट सिमेंटने बुजवली आहे. दिवा लागला की मी झाकणात साबणाचे पाणी घेऊन बसतो. बहुतेक संध्याकाळी पाणी तसेच ओतून द्यावे लागते. आत काही सापडलेले नसते. पण झाकण भरून बसायचे मी सोडलेले नाही. तुम्हीही सोडू नका.